मागच्या दारचा कट्टा

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाच्या काचेवर लावला आणि जवळ जाऊन पुन्हा पाहिला. जोतीरामला तेवढ्यातच कळलं. दोन्हीकडं पांढरे ठिपके होते, ज्वारी सांडल्यासारखे.

"बारीक गाठी आहेत. जुना क्षय, बुरशी, धूळ, कधी कॅन्सरसुद्धा असतो. घरात क्षय कुणाला?"

"आईला झालता. बरी झाली की."

"बिडी?"

"घरात कुणीच ओढत न्हाय."

"तुम्ही कामाला कुठं?"

"उद्यमनगरात. फौंड्रीत साच्याची वाळू चाळतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तानाबाई दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती.

मिरजेला फुफ्फुसाचा तुकडा काढून तपासला. क्षय नव्हता, कॅन्सर नव्हता. वाळूच होती.

"झालेलं मागं फिरत नाही," डॉक्टर जोतीरामला म्हणाले. "पण धूळ आजपासून बंद."

त्याच आठवड्यात त्यानं काम सोडलं. पिराजी मिस्त्री गेटात आडवा आला. "येड्या, लागलेला पगार सोडतोस? तोंडाला फडकं बांध की!"

"माझ्या तोंडाला बांधून भागत न्हाय, मिस्त्री."

संध्याकाळी तो नेहमीसारखा मागच्या दारानं आला. पुढच्या दारानं तानाबाई कधी घ्यायचीच नाही. "आधी शर्ट काढा. वाळूसकट घासला की चिंध्या हुत्यात," म्हणायची आणि कट्ट्यावर फटाफटा झटकायची. त्या दिवशीही तिनं हात पुढं केला. जोतीरामनं शर्ट दिला नाही. स्वतःच खुंटीला अडकवला.

"आता दिसभर घरात बसून माझं डोकं खाणार व्हय?"

"खाणार."

ती हसली आणि हसता हसता खोकली.

हिवाळाभर दोघं कट्ट्यावर ऊन खात बसली. जोतीराम लसूण सोलायला शिकला. भाकरी मात्र त्याला जमली नाही. "नकाशा झालाय," तानाबाई म्हणायची, पण खायची. पुढं कट्ट्यापर्यंत येणंही होईना, तेव्हा त्यानं खाटच दाराशी ओढली.

पाडव्याच्या आधी सगळं संपलं.

दिवसकार्य झाल्यावर पिराजी मिस्त्री आला. कट्ट्यावर टेकला. मग म्हणाला, "एवढी वर्सं वाळूत काढलीस. तुझाबी फोटो काढून घे, जोतीराम."

"काढला. माझी छाती साफ हाय."

खुंटीवरचा शर्ट अजून तसाच आहे, वाळूनं भरलेला. तानाबाईच्या हातनं तेवढा एकच झटकायचा राहिला.