यादीत नसलेलं नाव

"यादीत नाव चढलं काय, बाबू?" प्रयागबाईनं खिडकीच्या गजांतून विचारलं.

ओमप्रकाशबाबूनं मान वर केली नाही. नागपूरच्या तुरुंगातला हा कारकून तिला चांगलाच ओळखत होता. आज पंधरा ऑगस्ट. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून काही कैद्यांची उरलेली शिक्षा माफ होणार होती. तिच्या नवऱ्यानं, रुपरावनं, बांधाच्या भांडणात कुऱ्हाड चालवली होती आणि चौदा वर्षांची शिक्षा ओढवून घेतली होती.

"मावशी, तुले किती डाव सांगू? नियमात बसत नाही. साहेबानं अर्ज वापस केला."

"काहून बसत नाही? वागणूक चांगली होती ना त्यायची?"

"लाखात एक होती."

"मंग?"

बाबूनं समोरची फाईल मिटली.

प्रयागबाई हिंगण्याहून यायची. पहिली सहा वर्षं भाकर आणि लसणाची चटणी बांधून आणायची. गेली दोन वर्षं नुसता अर्ज आणत होती. गावच्या मास्तरांकडून तो लिहून घ्यायचा, अंगठा उठवायचा आणि या खिडकीशी येऊन उभं राहायचं. गाव तिला येडी म्हणायचं. म्हणेना का! गावाला काय जातं म्हणायला?

शेवटच्या भेटीत रुपराव खोकत खोकत म्हणाला होता, "कैदी म्हणून मले रामटेकले नेजो नको. माफी भेटली, तरच रामाच्या पायाशी ने." ते शब्द तिच्या काळजात रुतून बसले होते.

"दुसरं काही नाही मागत, बाबू. एक कागद दे." तिनं गजांतून हात पुढे केला.

बाबूनं उठून दार लोटलं. कोरा कागद टंकयंत्रात घातला, चार ओळी बडवल्या, खाली गोल शिक्का मारला. साहेबांना कळलं असतं तर नोकरीच गेली असती.

"हा घे. रुपराव नत्थूजी, उरलेली शिक्षा माफ. कोणाले दाखवजो नको."

"सरकारचीच माफी हाये ना?"

बाबूचे डोळे भरून आले. "हो, मावशी."

तिनं कागद कपाळाला लावला आणि पदराच्या गाठीत बांधला.

मोठ्या फाटकासमोर बायका हार, नवी धोतरं घेऊन ताटकळत होत्या. प्रयागबाई त्यांच्याजवळून सरळ निघाली.

"थांबत नाही काय वं?" एकीनं विचारलं.

"नाही वं. माह्यं काम झालं."

दुपारी ती हिंगण्याला पोचली. घरात शिरली नाही. पाय धुतले आणि परसातल्या पिंपळाशी गेली. गाठ सोडून कागद उलगडला, दोन्ही हातांनी वर धरला. ती कितीतरी दिवसांनी हसली, आणि हसता हसता रडू लागली.

"ऐकलं का जी? शिक्षा माफ झाली तुमची. आता चला रामटेकले," ती म्हणाली, आणि दोन वर्षं फांदीला टांगलेलं अस्थींचं मडकं तिनं अलगद खाली उतरवलं.