लेलँडच्या गोळ्या

"नॉर्मच्यासुद्धा नाही," आर्डिथ म्हणाली. "तो जाईपर्यंत तीस वर्षं संसार केला, पण त्याने भरलेली एकही गोळी माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये गेली नाही. आपल्या गोळ्या आपणच भरायच्या."

लेलँडने मान डोलावली. मोन्टानातल्या त्यांच्या नेमबाजीच्या क्लबात सगळे उडालेल्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरत आणि हा नियम सगळेच पाळत. दुसऱ्याने बंदुकीची दारू जास्त घातली तर बोटं आपली जातात.

गेल्या रविवारी त्याने तिला लग्नाचं विचारलं होतं. "आधी तुझं काम बघू दे," असं म्हणून तिने त्याला आठवडाभर टांगून ठेवलं, आणि आज सकाळीच ती त्याच्या गॅरेजात स्टूल ओढून बसली. बाहेर अजून बर्फ होतं आणि सत्तरी उलटलेला हा गडी घामाघूम झाला होता.

त्याने एकेक पितळी पुंगळी उचलावी, बुडातल्या खळग्यात ब्रश फिरवून मागच्या बाराची काजळी काढावी, उजेडात धरून बघावं आणि समाधान न होऊन पुन्हा घासावं.

"पिस्तुलाच्या पुंगळ्या इतक्या कोण घासतं रे?"

"मी."

"भांडीपण अशीच घासतोस?"

"भांडी आठवड्यातून एकदा."

ती खळखळून हसली. ते हसू ऐकून लेलँडचं लक्ष उडालं ते उडालंच.

घासलेल्या खळग्यांत तो प्रायमर दाबून बसवू लागला. मसुरीच्या दाण्याएवढी ती टिकली, पण तिच्या ठिणगीवर सगळा बार. प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून तो सवयीने बोट फिरवत होता. अकराव्या पुंगळीवर बोट थांबलं. प्रायमर उलटा बसला होता. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. धोका काही नव्हता, बार उडाला नसता एवढंच. पण नेमकं आज!

आर्डिथ थर्मासमधून कॉफी ओतून घेत होती. तिचं लक्ष नव्हतं. पुंगळी हळूच खिशात टाकता आली असती.

त्याने ती तिच्यापुढे ठेवली.

"उलटा बसवला मी."

तिने चष्मा लावून पाहिलं. "मला कळलंसुद्धा नसतं."

"माहितीये." त्याचा चेहरा पार पडला होता.

आर्डिथ इतकी हसली की अर्धी कॉफी मांडीवर सांडली. "क्लबात सगळ्यांना अक्कल शिकवत फिरतोस, आणि हे?" मग ती उठली. फळीवर त्याच्याच अक्षरातली चिठ्ठी लावलेला, त्याने भरलेल्या गोळ्यांचा डबा होता. तो तिने काखेत मारला आणि कोट चढवला. "चल."

गॅरेजामागे मातीच्या बांधासमोर पत्र्याच्या थाळ्या टांगल्या होत्या. तिने कोटातून आपलं रिव्हॉल्व्हर काढून उघडलं, आतल्या स्वतः भरलेल्या सहा गोळ्या काढून लेलँडच्या ओंजळीत ठेवल्या आणि डब्यातल्या सहा, एकेक करून, आत सरकवल्या. लेलँड ओंजळ तशीच धरून उभा राहिला.

"बघत काय बसलास?" ती म्हणाली. "कान झाक."