लेमन ट्रीचा गजर

"प्लीज, टाळ्या नाही, खोकला नाही. आणि चारुताकाकू, बांगड्या!" अनयाने माइकमधून सांगितलं.

सतरंज्यांवर बसलेली मंडळी हसली. चारुताकाकूंनी बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या आणि मांडी घट्ट केली.

सगळ्यांच्या कपाळावर बुक्का ताजा होता. चँडलरच्या मराठी मंडळाचं महिन्याचं कीर्तन चर्चच्या या हॉलमध्ये नुकतंच आटोपलं होतं. बाहेर डांबर मऊ करणारं ऊन. त्या उन्हात 'थर्ड कॅक्टस' बँडचे नेहमीचे चाहते काही फिरकले नाहीत, आणि बँडची गायिका अनया, तिला तर आजच्या रेकॉर्डिंगला गाताना समोर माणसं हवी होती. तेव्हा तिच्या वडिलांनी, रवींद्रकाकांनी, दाराशी चपला शोधणाऱ्या मंडळींना हाताला धरून परत बसवलं. "एकही आवाज होणार नाही, माझा शब्द," असं लेकीला सांगूनही टाकलं.

थर्ड कॅक्टसचा पहिला अल्बम रवींद्रकाकांच्याच गॅरेजमध्ये झाला. त्यात गाण्यांच्या मागे वॉशिंग मशीन फिरताना ऐकू येतं, आणि ऐकणाऱ्यांचा जीव त्याच अल्बमवर. दुसरा बंद पडलेल्या पिझ्झाच्या दुकानात केला. तिसरा मात्र खऱ्या स्टुडिओत, काचेसारखा स्वच्छ. तो ऐकून अनया म्हणाली होती, "बाबा, धिस वन इज डेड." आजचा चौथा, आणि शेवटचा. ड्रम वाजवणारा मार्कस ऑरेगनला राहायला चालला होता. त्याचा ट्रक बाहेर सामानासकट उभा होता. बाकी गाणी झाली होती. राहिलं होतं एकच, पहिल्या अल्बममधलं, ज्याच्यावरून लोक त्यांना ओळखत. ते जिवंत उतरायला हवं होतं.

गाणं सुरू झालं. शेजारी गावाला गेलाय, तो येईपर्यंत त्याचं लिंबाचं झाड मी जगवीन, एवढीच गोष्ट. दोन कडव्यांनंतर "आय विल वॉटर युअर लेमन ट्री" म्हणून अनया थांबते, गिटार थांबते, ड्रम थांबतो. लांब शांतता. मग पुढचं कडवं. चाहते त्या शांततेची वाट बघत बसतात म्हणे.

अनया थांबली. सगळं थांबलं.

आणि चारुताकाकूंनी ओळ उचलली.

"आय विल वॉटर युवर लेमन ट्रीऽऽ!"

पाठोपाठ अख्ख्या हॉलने उचलली. टाळ्या पडल्या. पेटीवाल्या संजयकाकांनी तर गवसणी काढून सूरसुद्धा धरला. "अहो थांबा! अहो!" करत रवींद्रकाका उभे राहिले, पण ऐकतो कोण? बुवांनी ओळ सोडली की ती जमिनीवर पडू द्यायची नसते. वर्षानुवर्षं कीर्तनाला बसलेली माणसं ती.

"स्टॉप, स्टॉप," अनयाने डोक्याला हात लावला.

"मी शब्द दिला होता हो!" रवींद्रकाका कळवळले.

"आता पोरगी मधेच अडली तर बसून पाहायचं का?" चारुताकाकू नागपूरच्या, अशा गप्प बसतात थोड्याच! "मला वाटलं, विसरली बिचारी."

"विसरली नव्हती. ती शांतता आहे, गाण्यातली!"

"मग आधी सांगायचं ना, बाप्पा."

मार्कस ड्रमवर डोकं टेकून हसत होता. अनयाला हसू येत नव्हतं. "लास्ट टेक," ती म्हणाली. "काका, काकू, प्लीज. यानंतर आम्ही एकत्र नाही वाजवणार."

मंडळी खरंच ओशाळली. संजयकाकांनी पेटी पाठीमागे सरकवली.

पुन्हा तेच गाणं, तीच दोन कडवी, तीच ओळ. अनया थांबली. गिटार, ड्रम थांबले.

कुणी हललं नाही. चारुताकाकूंनी पदर तोंडावर दाबून धरला होता. बाकीचे माना खाली घालून, वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलांसारखे. एसीची घरघर तेवढी. रेकॉर्डिंगला बसलेल्या टेसने अंगठा वर केला: परफेक्ट.

अनयाने पुढच्या कडव्यासाठी श्वास घेतला. समोर पाहिलं. काकूंचे खांदे लयीत हलत होते, ओठ मिटलेले, आणि डोळ्यांत पाणी यायच्या बेतात. अनयाने तो श्वास तसाच सोडून दिला.

"काकू," माइक बाजूला करून ती म्हणाली, "घ्या ना."

छप्पर उडालं! चारुताकाकूंचा सूर पहिला, मग सगळ्यांचा. मार्कसने टाळ्यांची लय पकडली आणि दुगण केली. संजयकाकांची पेटी गिटारच्या गळ्यात पडली. लेमन ट्री, लेमन ट्री! देवाचं नाव घ्यावं तशी माणसं एका लिंबाच्या झाडाचं नाव घेत होती, आणि मी म्हणतो, त्याच्या कानावर ते पोचलं नसेल असं थोडंच आहे? टेसने हेडफोन काढून ठेवले आणि तीही टाळ्या वाजवू लागली. अनया एवढी हसत होती की तिला गाताच येईना.

पुढचं कडवं कधीच मागे पडलं होतं. घामाने निथळत मार्कस ओरडला, "अंकल! हाउ डू वी एंड धिस?"

रवींद्रकाका डोळे मिटून डोलत होते. "आरती केल्याशिवाय कसं संपेल, बाळा?"

"समबडी हॅज टू लाइट द लॅम्प!" अनयाने त्याला ओरडून सांगितलं.

कीर्तनाच्या निरांजनाशेजारची काडेपेटी चारुताकाकूंच्या हाताशीच होती. एकही टाळी न चुकवता त्यांनी ती सतरंजीखाली सरकवली.