वापरात नसलेली इमारत

बारा वर्षं बंद पडलेला जुना दवाखाना, रिकाम्या इमारती तात्पुरत्या वापराला देण्याच्या योजनेत, सरवरीबाईंना शिवणवर्गासाठी अकरा महिने मिळाला. त्यांनी उंदीर हाकलले, फुटके पत्रे बदलले, वीज आणली. मेडशीहूनसुद्धा पोरी एसटीनं शिकायला येऊ लागल्या.

मुदत संपत आली, तशा सरवरीबाई चौथ्यांदा नगरपरिषदेत जाऊन कारकुनासमोरच्या बाकावर टेकल्या.

"भाऊ, मुदत वाढवून द्या ना. एकवीस पोरी शिकून राह्यल्या, त्याहिले कुठं नेऊ?"

कारकुनालाही वाईट वाटलं. "बाई, योजना वापरात नसलेल्या इमारतीसाठी हाय. तुमची तं आता वापरात हाय."

"मंग मी काय करू?"



"कुलूप लावून किल्ली जमा करा. दोन-चार वर्षं बंद राह्यली का अर्ज टाका, पयला नंबर तुमचाच."