तेलात न्हालेल्या गोळ्या

"पोरगा बापाच्याच जागी लागतोय, भावजी. त्याला तरी यानं दगा देऊ नये." बँकेवरच्या दरोड्यात मेलेल्या पहारेकऱ्याच्या बायकोनं नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर बंदूकवाल्या धुमाळांपुढं ठेवलं. ऐन वेळी ते उडालंच नव्हतं.

धुमाळांनी घोडा पाहिला, पिन पाहिली. दोन्ही ठणठणीत. मग आतल्या गोळ्या काढल्या. बुडाशी कुंकू चिकटलं होतं. तेल मुरून आतली दारू सर्द झाली होती.

"दसऱ्याला हत्याराची पूजा कोण करतं, वहिनी?"

"मीच. एकेक गोळी तेलानं न्हाऊ घालते."

धुमाळांनी गोळ्यांवरचं कुंकू अंगठ्यानं पुसून टाकलं. "गोळ्याच मुळात खराब होत्या. कुणाचा दोष नाही."

"तरीच!" डोळे पुसत तिनं पोराच्या नव्या गोळ्यांची डबी उघडली. काठोकाठ तेल होतं. "या मात्र सकाळीच पुजून आणल्यात."