बघायला येणारी माणसं

"कुणीतरी आलं वाटतं," म्हणत काकूंनी नरहरकाकांच्या शर्टाची बटणं लावली, पाठीशी उशी दिली आणि काका पुन्हा एकदा बरे व्हायला बसले.

न्यूमोनिया होऊन दवाखान्यात पडलेले दिवस परवडले, पण घरी बघायला येणारी माणसं नकोत, असं त्यांना झालं होतं. प्रत्येक जण शहाळं ठेवायचा आणि म्हणायचा, "छान दिसताय की! चेहऱ्यावर तेज आलंय." मग काकांनाही "एकदम ठणठणीत!" म्हणावं लागे. तेवढं म्हणतानाही दम लागे, तो ते हसण्यात लपवत. खरं बोलायची सोयच नव्हती. काकूंचा चेहरा लगेच उतरायचा.

आज आला होता जुना दोस्त जनू. गेल्या वर्षी तोही असाच दवाखान्यातून घरी आला, तेव्हा "वाघ आहेस वाघ!" म्हणत त्याची पाठ थोपटणाऱ्यांत नरहरकाकाच पुढे होते.

जनूने तेजाबिजाचं काही काढलं नाही. काकू चहा टाकायला आत जाईपर्यंत तो थांबला आणि हळूच म्हणाला, "नऱ्या, आंघोळ केली की परत झोपावंसं वाटतं का रे?"

काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "नुसता टॉवेल पिळला तरी दमतो. तुझं कधी थांबलं?"

"कुठलं थांबतंय! तुम्ही सगळे वाघ म्हणालात, मग सांगणार कुणाला?"

काका भिंतीकडे सरकले. टोपी काढून जनू शेजारी आडवा झाला.

काकू चहा घेऊन आल्या, तेव्हा दोन्ही वाघ गाढ झोपले होते.