ओग्न्यानच्या नावाचा गहू

रायनाच्या वाडग्यातला गहू कोणी घेत नव्हतं.

मृतांच्या शनिवारी दफनभूमीत गावातली प्रत्येक बाई साखर-अक्रोड घातलेला उकडलेला गहू आणते. आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि समोरच्याच्या तळहातावर चमचाभर ठेवायचा. घेणाऱ्याने "देव त्याला क्षमा करो" म्हणून खायचा. नको म्हणायची रीत नाही. आयुष्यभर बायकोला बडवणाऱ्या त्स्वेतानच्या नावाचाही चमचा सकाळपासून साऱ्या गावाने खाल्ला होता, वर बोटं चाटली होती. पण रायना समोर आली की कुणाला मेणबत्ती विझल्याचं आठवायचं, कुणाला कबरीवरचं गवत उपटायचं असायचं. चार वर्षं हेच. शिवी कोणी दिली नाही. गाव याला समंजसपणा म्हणत होतं.

समंजसपणा ग्युर्गासाठी. ती पलीकडच्या रांगेत लेकीच्या कबरीपाशी उभी होती. चार वर्षांपूर्वी तिची बिल्याना रायनाच्या मुलाच्या, ओग्न्यानच्या गाडीतून एका लग्नाहून परत येत होती. ओग्न्यान प्यायलेला होता. गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली, दोघंही गेली.

फादर धूपदान हलवत मृतांची नावं वाचत चालले होते. ओग्न्यानचं नाव आलं तसा त्यांना खोकला आला. मागच्याच रविवारी याच फादरांनी, शांती करणाऱ्यांना देव आपली लेकरं म्हणतो, यावर पाऊण तास प्रवचन झोडलं होतं.

चर्चच्या दारात मेणबत्त्या विकणारी म्हातारी पेना लंगडत आली आणि तिने रायनाचं कोपर धरलं. सकाळी मेणबत्ती घेताना रायना तिला म्हणाली होती, "ही शेवटची, मावशी. पुढल्या वर्षी मी येणार नाही."

"चल," पेना म्हणाली.

"कुठे?"

"ग्युर्गाकडे."

"मावशी, सोड मला. तोंडावर थुंकेल ती."

"थुंकली तर पुस. रुमाल आहे ना?"

दोघी निघाल्या तशा बायका बाजूला सरकल्या. फादर धावत आले. "पेनाबाई, आजच्या दिवशी तरी नको. गावात शांतता आहे, ती राहू द्या."

"शांतता या खाली पुरलेल्यांच्यातही आहे, फादर. तुम्ही तुमचा धूप बघा, विझतोय."

ग्युर्गा ओल्या फडक्याने क्रुसावरचा बिल्यानाचा फोटो पुसत होती. तिने मान वर केली नाही. "पेना, हिला घेऊन जा इथून."

"नाही नेत."

"तुला कोणी बोलावलंय? मेणबत्त्या विक जाऊन. एवढा पुळका आलाय, तर चार वर्षांत तू तरी खाल्लास का हिच्या हातचा?"

"नाही खाल्ला," पेना म्हणाली. "भ्याले तुला. सगळं गाव भितंय तुला, आणि म्हणतंय काय, तर आम्ही ग्युर्गाचा मान राखतो."

ग्युर्गाचं फडकं थांबलं.

"क्षमा कर असं मी म्हणत नाही," पेना म्हणाली. "तो अधिकार माझा नाही. माझी माणसं अंथरुणात मेली. पण तुझ्या बिल्यानाचं नाव या गावात रोज कोणी ना कोणी काढतं. हिच्या पोराचं नाव हिने चार वर्षांत मोठ्याने घेतलेलं नाही. घेणार कुणापुढे? समोर कोणी हातच पुढे करत नाही. नुसतं ऐक, एवढंच म्हणते. रायना, नाव घे."

रायनाचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"घे गं बाई. माझा गुडघा दुखतोय."

"ओग्न्यान," रायना म्हणाली. शेतातल्या पोराला जेवायला हाक मारावी तसा भलताच मोठा आवाज निघाला. ती स्वतःच दचकली. मग हळू म्हणाली, "ओग्न्यानच्या नावाने."

दफनभूमीतल्या सगळ्या घाईतल्या बायका आता हातातली कामं सोडून बघत होत्या. एकीच्या हातातला गवताचा झुपका तसाच राहिला.

ग्युर्गाने फडकं दगडावर ठेवलं. हात घागऱ्याला पुसला. बराच वेळ तो तिथेच, घागऱ्यावरच होता. मग तिने तळहात पुढे केला. रायनाच्या चेहऱ्याकडे मात्र पाहिलं नाही.

रायनाने घाईने चमचा उपडा केला. निम्मे दाणे खाली चिखलात पडले. उरलेले ग्युर्गाने तोंडात टाकले आणि चावत राहिली. फादर ओठ हलवत होते, विसरलेल्या पोराला मास्तर प्रार्थनेचे शब्द पुरवतो तसे.

ते शब्द ग्युर्गाने म्हटले नाहीत.

"साखर नाही यात," ती म्हणाली.

रायनाने वाडग्यात पाहिलं. "घरी नेल्यावर कोंबड्याच खातात," ती म्हणाली. "त्यांना कशाला साखर."

ग्युर्गा वळली. फडकं उचललं आणि पुसून लख्ख झालेला फोटो पुन्हा पुसायला लागली.

"पुढल्या वर्षी घाल," ती पाठमोरीच म्हणाली.